वैमानिक जमिनीवर, विमान आकाशात

श्रोतेहो, नमस्कार.

आकाशात विमानं एकमेकांना धडकत नाहीत, याचं श्रेय आपण रडारला आणि जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकांना देतो. ते खरंच आहे. पण हवाई नियमांच्या मुळाशी आहे ती वैमानिकाची नजर. दोन विमानं समोरासमोर आली, तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मग ज्या विमानात कुणी बसलेलंच नाही, त्यानं समोरचं पाहायचं कसं?

ही काळजी जुनी आहे. १९४४च्या शिकागो करारातलं, म्हणजे नागरी विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारातलं, आठवं कलमच सांगतं की वैमानिकाविना उडणारं विमान दुसऱ्या देशावरून न्यायचं, तर त्या देशाची खास परवानगी हवी. छोट्या ड्रोनपुरता अनेक देशांनी सोपा मार्ग काढला : साधारण १२० मीटरच्या खालीच उडा. मोठ्या दूरनियंत्रित विमानांसाठी मात्र आकाशाचा एखादा भाग तात्पुरता राखून ठेवावा लागायचा. समुद्रावर गस्त घालणारं किंवा माल नेणारं विमान असं कोंडून किती दिवस ठेवणार?

खरी कसोटी आहे ती जमिनीवरचा वैमानिक आणि विमान यांच्यातला संपर्क तुटण्याची. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यामार्फत आज्ञा विमानापर्यंत जाऊन उत्तर परत यायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. त्याची सवय करता येते. पण दुवाच तुटला तर? अमेरिकेत अशा वेळी विमानाचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाची ओळख रेडिओ संकेतानं कळवणारं यंत्र, ७४०० हा संकेतांक पाठवतो. नियंत्रकाला कळतं, की आता या विमानावर कुणाचा हात नाही. मात्र ते पुढे कुठे वळेल, किती उंची धरेल, किती वेळ घिरट्या घालेल, हे त्या आकड्यातून कळत नाही. म्हणून ही सगळी योजना उड्डाणापूर्वीच नियंत्रकाच्या हाती असायला हवी, आणि विमानानं ती तंतोतंत पाळायला हवी. माझ्या मते या नियमात तसूभरही सवलत नको.

आणखी एक गोष्ट. आकाशात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं असतात, माणसं नेणारे फुगे असतात. त्यांतल्या कित्येकांकडे ट्रान्सपॉन्डर नसतो. केवळ संकेत ऐकून वाट काढणाऱ्या यंत्रणेला ते दिसणारच नाहीत. त्यासाठी विमानावर रडार किंवा कॅमेरे हवेत. त्यानं वजन वाढतं, खर्च वाढतो, हे मान्य. तरी तो भार नव्यानं आकाशात येणाऱ्यानं उचलावा. ग्लायडरवाल्यावर टाकू नये.