गल्ल्यावर बसलेलं भावंड

(सांगलीतल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कवलापूर इथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून सुरुवात काळू-बाळूंपासून करतो. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगातले त्यांचे हवालदार असे गाजले की पात्रांची नावं माणसांनाही चिकटली आणि फडालाही. तिकडं नारायणगावला भाऊ-बापूंचा फड. तेव्हा भावाभावांनी फड चालवणं आपल्याला काही नवं नाही. पण काळू-बाळू दोघंही बोर्डावर उभे असायचे. आज ज्या गटाबद्दल बोलायचंय, त्या न्यूयॉर्कच्या रन-डीएमसी या रॅप गटात धाकटा भाऊ बोर्डावर आणि थोरला गल्ल्यावर. आणि हिप-हॉपला, म्हणजे रेकॉर्डच्या ठेक्यावर शब्द म्हणायच्या रॅप-संगीताला, रॉक जोडलं गेलं त्यात गल्ल्यावरच्या भावाचा हात जास्त होता, असं माझं म्हणणं आहे.

हिप-हॉपची सुरुवातच मुळी एका बहिणीच्या हिशोबातून झाली. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली १५२०, सेजविक ॲव्हेन्यू ही इमारत. शाळा सुरू होणार होती, सिंडी कॅम्बेलला नवे कपडे घ्यायचे होते. तिनं इमारतीतला हॉल घेतला, हातानं जाहिराती लिहिल्या, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट लावलं. रेकॉर्ड वाजवायला घरचाच माणूस, भाऊ क्लाइव्ह. जग त्याला कूल हर्क म्हणतं. त्याची गोष्ट सगळे सांगतात, तिकीट लावणारी मात्र तळटीपेत जाते. आपल्याकडंही ढोलकीवाल्याचं नाव होतं, सुपारी ठरवणाऱ्याचं कोण घेतो?

आता हर्क काय करायचा, ते नीट बघा. गाण्यात गायक गप्प होतो आणि नुसता ड्रम वाजतो, असा एक तुकडा असतो. काही सेकंदांचा. नाचणारी पोरं त्याच तुकड्याची वाट बघत असायची. म्हणून हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे तबकडी फिरवायच्या यंत्रांवर, ठेवायचा. इकडचा तुकडा संपत आला की तिकडचा सुरू. तोवर इकडची तबकडी हातानं मागं फिरवायची. तो तुकडा कुठल्या गाण्यातला, गोऱ्यांच्या की काळ्यांच्या, याच्याशी नाचणाऱ्याला देणंघेणं नव्हतं. हर्कच्या पेटीत बेब रूथ या इंग्लिश रॉक बँडची रेकॉर्डसुद्धा असायची. त्यामुळं 'हिप-हॉपमध्ये पुढं रॉक मिसळलं' हे वाक्य मला पटत नाही. रॉक पहिल्यापासून पेटीत होतंच. फक्त त्याचं नाव कुणी घेत नव्हतं.

ते नाव घ्यायला लावलं न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या हॉलिसच्या सिमन्स भावांनी. रसेल थोरला, जोसेफ सात वर्षांनी धाकटा. रसेल तेव्हा कर्टिस ब्लो या रॅपरचं काम बघायचा, आणि शाळकरी जोसेफला त्यानं ब्लोच्याच मागं डीजे म्हणून उभा केला होता. पुढं जोसेफ, त्याचा दोस्त डॅरिल मॅकडॅनियल्स आणि डीजे जेसन मिझेल असा तिघांचा रन-डीएमसी गट झाला. पहिली रेकॉर्ड १९८३ ची. त्याआधीचे रॅपर चकचकीत पोशाख घालून बोर्डावर यायचे. मिझेल रोजच्या कपड्यांत यायचा: काळी हॅट, चामड्याचं जाकीट, बिनलेसचे ॲडिडास. रसेलनं बाकी दोघांनाही तसंच उभं केलं. थोरल्या भावानं कपड्यांत लक्ष घातलं की घरोघरी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. इथं मात्र ते जमून गेलं.

१९८४ च्या 'रॉक बॉक्स'मध्ये एडी मार्टिनेझची करकरीत गिटार आली आणि ते गाणं एमटीव्ही या गाण्यांच्या टीव्ही चॅनेलवर लागलं. रॅपला तिथं तेव्हा दारही उघडत नव्हतं. पुढच्या वर्षी 'किंग ऑफ रॉक', आणि त्याच वर्षीच्या जुलैत फिलाडेल्फियाला लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या कार्यक्रमाचा मंच.

मग १९८६. एअरोस्मिथ या रॉक बँडचं 'वॉक धिस वे' १९७५ च्या अल्बममधलं. त्याच्या सुरुवातीचा ड्रम हॉलिसच्या पोरांना तोंडपाठ. पण तेवढाच! गायकानं तोंड उघडायच्या आत डीजे तबकडी मागं फिरवायचा. निर्माता रिक रुबिन म्हणाला, अख्खं गाणं करा, त्यांचेच शब्द म्हणा. पोरांनी ते शब्द नीट ऐकले आणि तोंडं वाकडी केली. रुबिन हटेना, आणि रसेल त्याच्याच बाजूनं. एअरोस्मिथचं तेव्हा बरं चाललं नव्हतं, आदल्या वर्षीचा अल्बम पडला होता. त्यांचा गायक स्टीव्हन टायलर आणि गिटारवाला जो पेरी स्टुडिओत आले. मूळ गाणं अमेरिकेतल्या गाजत्या गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत दहाव्या नंबरापर्यंत गेलं होतं, हे चौथ्यावर पोचलं. एअरोस्मिथची गाडीही पुन्हा रुळावर आली. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती म्हणून ते जमलं, निव्वळ प्रेमापोटी नव्हे.

उतार लवकर लागला. नवे रॅपर आले, जोसेफ धर्मोपदेशक झाला. २००१ चा 'क्राउन रॉयल' हा अल्बम पाहुण्यांनी भरलेला, त्यात रॉकवालेही बरेच. मॅकडॅनियल्सला तो रोख मान्य नव्हता, त्याचा आवाजही बिघडलेला. अल्बमभर तो जेमतेम सापडतो. आपल्या एखाद्या बेंजो पार्टीनं मूळ वादक घरी बसवून पाहुणेच आणावेत, तसला प्रकार. ३० ऑक्टोबर २००२ ला मिझेलचा क्वीन्समधल्या स्टुडिओत गोळ्या घालून खून झाला आणि उरलेल्या दोघांनी गट बंद केला. रक्ताचं नातं ज्याच्याशी होतं तो थोरला भाऊ हयात होता, पण तबकडी फिरवणारा गेला म्हटल्यावर ते थांबले.

तुमच्यातल्या रॅप करणाऱ्या पोरांना एक काम देतो. 'क्राउन रॉयल' राहू दे. 'रॉक बॉक्स' लावा, ते डॉल्बीवर नको, साध्या हेडफोनवर, आणि गिटार नेमकी कुठं गप्प बसते तेवढं बघा. आता प्रश्न घेऊ. मागं तो हात वर आहे, बोला.