प्लॉट क्रमांक ४२

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात, नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, मी आईसाठी रक्तदाब मोजण्याचे यंत्र ऑनलाइन मागवले होते. एका दुपारी मोबाइलवर संदेश आला की पार्सल घरपोच दिले. आम्ही दोघेही घरातच होतो आणि फाटकाशी कोणीही आले नव्हते. ग्राहक सेवेला तीन वेळा फोन केला, तेव्हा तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले, की सिस्टिममध्ये तर पार्सल पोहोचलेले दिसते. अखेर चौथ्या दिवशी ते सापडले, मागच्या ले-आउटमधल्या प्लॉट क्रमांक ४२ वर. आमचाही क्रमांक ४२ च आहे.

मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर या भागांत राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. शहर दक्षिणेकडे वाढत गेले तसतशी एकेका गृहनिर्माण संस्थेने आपापल्या जमिनीवर प्लॉट पाडून आपले ले-आउट तयार केले आणि प्रत्येकीने प्लॉटची मोजणी एकपासूनच सुरू केली; त्यामुळे पाव-अर्ध्या किलोमीटरच्या आत एकाच क्रमांकाची दोन-तीन घरे सहज निघतात. पिनकोडने हा गुंता सुटत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला हा सहा आकडी क्रमांक पत्राला योग्य डाकघरापर्यंत नेतो. तिथून पुढे घर शोधण्याचे काम पोस्टमनच्या ओळखीवर सोपवलेले होते, आणि ती ओळख वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांतून तयार झालेली असे. आज पार्सल आणणारा तरुण कदाचित आपल्या गल्लीत पहिल्यांदाच येत असतो, भर उन्हात, पाठीवर ओझे घेऊन. त्याच्याकडून पोस्टमनची ओळख अपेक्षिणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून पत्ता लिहिताना प्लॉट क्रमांकाच्या आधी ले-आउटचे किंवा संस्थेचे पूर्ण नाव लिहावे, आणि मग अशी खूण द्यावी जी उद्या बदलणार नाही: मंदिर, शाळा, पाण्याची टाकी, कोपऱ्यावरची विजेची डीपी. पानठेल्याची खूण देऊ नये, कारण ठेला हलतो. डाक विभागाने मे २०२५ मध्ये डिजिपिन नावाची व्यवस्था खुली केली आहे. तीत देशाची जमीन सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागली असून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. आपल्या फाटकाचा संकेत एकदा काढून पत्त्यासोबत लिहून ठेवायला काहीच हरकत नाही.

तरीही चूक झालीच, तर कंपनीच्या सिस्टिममधल्या नोंदीला आपण आपल्या नोंदीनेच उत्तर देऊ शकतो, आणि हे मला उशिरा कळले. पहिल्या दिवशी मी फक्त बोललो. वेळ, तक्रार क्रमांक, समोरच्याने काय सांगितले, यातले काहीही टिपून ठेवले नाही, त्यामुळे प्रत्येक फोनवर कहाणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तक्रार लेखी करावी, 'घरपोच दिले' या संदेशाचा स्क्रीनशॉट जोडावा आणि पार्सल कोणाच्या हाती, कोणत्या ठिकाणी दिले, याचा पुरावा मागावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायला हवी आणि एका महिन्यात तिचे निवारण करायला हवे. तसे न झाल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ओटीपी मागितला गेला, तर पार्सल हातात आल्यावाचून तो सांगू नये. ओटीपी दिला की पार्सल मिळाल्याची कबुली आपणच दिलेली असते.

पैशांच्या बाबतीत मुदती अधिक स्पष्ट आहेत. यूपीआयने पैसे पाठवताना आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे, आणि मुदत उलटल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ठरलेली आहे. घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवण्याआधी व्यवहाराचा क्रमांक लिहून घ्यावा आणि खात्यातली शिल्लक पाहावी.

या गोंधळाचा फायदा घेणारेही आहेत. पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकले आहे, लिंक उघडून थोडेसे शुल्क भरा, असा संदेश आला तर ती लिंक उघडू नये. ज्या अॅपवरून वस्तू मागवली तिथेच जाऊन खात्री करावी. पैसे गेलेच, तर एक क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

आईने आता फाटकावर ले-आउटचे नाव ठसठशीत मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले आहे, आणि शेजारी माठ ठेवला आहे. मागच्या ४२ क्रमांकाच्या काकूंशी आमची ओळख झाली. त्यांच्याकडे आलेले आमचे पार्सल त्या फोन करून कळवतात, आणि आमच्याकडे आलेले त्यांचे आम्ही नेऊन देतो.