तीस दिवसांचं अंतर

मंडळी, आत येताना दाराशीच एका आजींनी मला गाठलं. नातवाला अमेरिकेत तीन विद्यापीठांत प्रवेश मिळालाय, तिन्ही वेगवेगळ्या राज्यांत. म्हणाल्या, "तुम्ही बंदुकांवर बोलणार आहात ना, मग त्यातलं कुठलं राज्य बरं तेवढं सांगा. बाकीचं राहू दे." माझं आजचं टिपण त्यांनी तिथेच निकालात काढलं. त्यामुळे आता त्यांच्याच प्रश्नाला धरून बोलतो.

आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे आणि तो देशभर एकच आहे. पिस्तूल हवं तर परवाना, पोलिसांची चौकशी, आणि निवडणूक लागली की बहुतेकांना ते ठाण्यात नेऊन जमा करावं लागतं. अमेरिकेत केंद्राचा कायदा फक्त जोत्यापुरता, वरचं बांधकाम ज्याच्या त्याच्या राज्याचं. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदूक घ्यायची तर आधी गावच्या पोलीसप्रमुखाकडून परवाना लागतो. मिसिसिपीत दुकानदार केंद्राच्या यादीत नाव तपासतो आणि काम झालं. २०२३ साली लाख लोकांमागे बंदुकीने झालेले मृत्यू मॅसॅच्युसेट्समध्ये चारच्या आसपास, मिसिसिपीत तीसच्या जवळपास.

आजी, लगेच मान डोलावू नका! मिसिसिपी गरीब आहे, तिथे घरोघरी बंदुका आहेत, हा फरक सगळा कायद्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

कायदा नेमका कुठे चालतो आणि कुठे अडतो हे मला व्हर्जिनिया राज्याने शिकवलं. १६ एप्रिल २००७. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारलं. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती, म्हणून इथल्या अनेकांना तो दिवस आठवत असेल. आता बघा, त्या मुलाने एक पिस्तूल फेब्रुवारीत घेतलं, दुसरं मार्चमध्ये. दोन्ही रीतसर. मध्ये महिन्याहून जास्त अंतर का ठेवलं? कारण व्हर्जिनियाचा कायदाच तसा होता, तीस दिवसांत एकच पिस्तूल. त्याने तो पाळला. कायदा पाळून केलेलं हत्याकांड.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढे आहे. २००५च्या डिसेंबरमध्ये एका न्यायाधिकाऱ्याने या मुलापासून त्याच्या स्वतःच्या जिवाला धोका असल्याचं नोंदवून उपचारांचा आदेश दिला होता. केंद्राच्या कायद्याप्रमाणे त्याला बंदूक मिळायलाच नको होती. पण आदेश बाहेरून उपचार घेण्याचा होता, रुग्णालयात दाखल करण्याचा नव्हता, आणि राज्याची रीत अशी की दाखल केलेल्यांचीच नावं पोलिसांच्या यादीत जायची. नाव गेलं नाही. दुकानदाराने तपासलं, यादी कोरी. गव्हर्नर टिम केन यांनी दोन आठवड्यांत आदेश काढून ती फट बुजवली. कायदा दोन्हीकडे होता, फक्त एका कार्यालयातला कागद दुसऱ्या कार्यालयात गेला नव्हता. आपल्याला हे नवीन नाही.

मग ते तीस दिवसांचं कलम कुचकामी होतं का? मुळीच नाही. ते माथेफिरूसाठी केलेलंच नव्हतं. नव्वदीच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या गुन्ह्यांत सापडणाऱ्या बंदुकांचा माग दक्षिणेला व्हर्जिनियाच्या दुकानांपर्यंत जायचा. कुणीतरी स्वतःच्या नावावर डझनभर पिस्तुलं घ्यायची, आपण जिला बेनामी खरेदी म्हणतो तीच, आणि गाडीत टाकून आय-९५ महामार्गाने वर न्यायची. त्या रस्त्याला नावच पडलं, लोखंडी पाइपलाइन. १९९३मध्ये गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांनी महिन्याला एक अशी मर्यादा आणली आणि व्हर्जिनियातून वर जाणारा तो ओघ आटला, हे पुढच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे एका राज्याने नळ बंद केला आणि कोरडं पडलं दुसऱ्याच्या अंगणात. उलटही होतं. कॅलिफोर्नियाचे नियम देशातल्या सर्वांत कडक नियमांपैकी, पण २०१९मध्ये तिथल्या गिलरॉयच्या लसूण महोत्सवात गोळीबार करणाऱ्याने रायफल शेजारच्या नेवाडातून आणली होती. शिकागोचं उदाहरण देऊन "बघा, कडक कायदे असूनही गोळीबार थांबत नाहीत" म्हणणारे बरेच भेटतात. त्या शहराने २०१७मध्ये गुन्ह्यांतल्या बंदुकांचा हिशेब मांडला, तर निम्म्याहून अधिक बाहेरच्या राज्यांतल्या निघाल्या. सर्वांत जास्त इंडियानाच्या, म्हणजे अगदी कुंपणापलीकडच्या.

व्हर्जिनियाने ते कलम २०१२मध्ये रद्द केलं. मे २०१९मध्ये व्हर्जिनिया बीचला पालिकेच्या इमारतीत १२ जण मारले गेले. गव्हर्नरने विशेष अधिवेशन बोलावलं, विधिमंडळात बहुमत असलेल्या विरोधी पक्षाने ते तासा-दीड तासात गुंडाळलं. त्याच नोव्हेंबरात विधिमंडळातलं बहुमत बदललं आणि २०२०मध्ये तीस दिवसांचं कलम परत आलं. सोबत खासगी विक्रीलाही तपासणी आली आणि ज्याच्यापासून धोका दिसतो त्याची बंदूक कोर्टाच्या हुकमाने काही काळ काढून घेणारा रेड फ्लॅग कायदा आला. तरी नोव्हेंबर २०२२मध्ये चेसापीकच्या वॉलमार्टमध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्याने सहा सहकाऱ्यांना मारलं. पिस्तूल त्याच दिवशी सकाळी विकत घेतलेलं. पहिल्या खरेदीला थांबायला लावणारा नियम तिथे नव्हता.

माझं मत विचाराल तर बातम्यांत येणारी हत्याकांडं ही या कायद्यांची खरी परीक्षाच नव्हे. २०२३मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली, त्यातल्या २७ हजारांहून अधिक आत्महत्या. तिथे काही दिवसांचा उशीरही जीव वाचवतो, कारण ती लाट ओसरते. कनेक्टिकटने १९९५मध्ये पिस्तूल घेण्याआधी परवाना सक्तीचा केला, मिसुरीने २००७मध्ये तसलाच परवाना काढून टाकला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना पहिल्या ठिकाणी बंदुकीचे खून घटलेले दिसले, दुसऱ्या ठिकाणी वाढलेले. आकड्यांवर वाद आहेत, दिशा मात्र मला पटते. रेड फ्लॅगचं तसं नाही, तो कुणी अर्ज केला तरच चालतो. न्यूयॉर्कमध्ये हा कायदा होता, आणि बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये २०२२मध्ये दहा जणांना मारणाऱ्या मुलाला आदल्याच वर्षी शाळेत धमकी दिल्याबद्दल तपासणीला नेलं होतं. अर्ज कुणी केलाच नाही.

त्यात सुप्रीम कोर्ट. बफेलोनंतर सहा आठवडेही झाले नव्हते, तोच कोर्टाने न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना, घराबाहेर बंदूक जवळ बाळगायला सबळ कारण मागणारा नियम रद्द केला.

तर आजी, व्याख्यान संपलं की तुमच्या नातवाच्या तिन्ही राज्यांची नावं मला द्या. मी नकाशा आणलाय. पण मी आधी त्यांच्या सीमेला लागून कोणकोणती राज्यं आहेत ते बघणार, आणि मग नातवाला एक फोन करणार. खोली कुणाबरोबर घेतोय आणि त्याच्या कपाटात काय आहे, ते तोंडाने विचारायचं असतं हे सांगायला.