आज्जीचं ‘बाळा’ आणि कॉम्प्युटरमधला चेहरा

मंडळी, विषय आहे कॉम्प्युटरवर माणसाचा चेहरा जिवंत कसा करतात हा, पण सुरुवात मी माझ्या आज्जीपासून करतो, कारण मला हे सगळं तिच्यामुळंच नीट कळलं. आज्जी खानापूरकडची. ती गेल्यावर घरात राहिले तिचे फोटो आणि फोनमधे रेकॉर्ड झालेला आवाज, आणि मी थ्रीडीचं काम करणारा, बसलो तिचं मॉडेल करायला. सुरकुत्या, कुंकू, कानातली बुगडी, सगळं जमलं. मग आवाज लावला, "बाळा, जेवलास काय रे?" आईनं एकदा बघितलं आणि न बोलता आत निघून गेली.

चूक सापडायला दोन दिवस गेले. ‘बाळा’ म्हणताना आज्जीचे ओठ मिटतच नव्हते! प, ब, म हे ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत, आत्ता तोंडातल्या तोंडात म्हणून बघा. सॉफ्टवेअरनं आवाजावरून तोंडाचे आकार आपोआप बसवले होते आणि एका आकारातून दुसऱ्या आकारात जाताना मधला मिटलेला क्षण गाळून टाकला होता. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर तो क्षण दोन-तीन फ्रेमचा असतो, पण आईला तो बरोबर दिसला.

जपानचे मासाहिरो मोरी यांनी १९७० मधे रोबोटबद्दल हेच लिहून ठेवलंय, की चेहरा माणसासारखा होत जाईल तसा आपल्याला जवळचा वाटतो, पण अगदी जवळ पोचून जरासा कमी पडला की एकदम अंगावर काटा येतो. कार्टूनचं तोंड कसंही हललं तरी चालतं, आज्जीचं नाही चालत.

थ्रीडी चेहरा हलवायचं काम पहिल्यांदा केलं अमेरिकेत युटा विद्यापीठात फ्रेडरिक पार्क यांनी, १९७२ मधे. एक भाव इकडं, एक भाव तिकडं, मधलं कॉम्प्युटरनं भरायचं. मूळ कल्पना आजही तीच आहे, तिला आम्ही ब्लेंडशेप म्हणतो. पण त्यात एक खोड आहे, ती मला फार आवडते. कॉम्प्युटर प्रत्येक बिंदू सरळ रेषेत नेतो आणि आपली पापणी तर बुबुळाच्या गोलावरून वळसा घेत खाली येते, त्यामुळं नुसतं उघडा आणि मिटलेला डोळा दिला तर अर्ध्या वाटेत पापणी डोळ्यात घुसते. मग अर्ध्या मिटलेल्या डोळ्याचा आकार वेगळा करून मधे घालावा लागतो.

हसण्याचंही तसंच. फ्रान्सच्या द्युशेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ मधे विजेचे हलके झटके देऊन कुठला स्नायू काय करतो ते फोटोसकट दाखवलं होतं. ओठांचे कोपरे वर ओढले की हसू होतं, पण ते खरं वाटायला डोळ्याभोवतीचा स्नायू आवळून गाल वर यावे लागतात. पुढं १९७८ मधे एकमन आणि फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या अशा हालचालींना नंबर दिले, गाल वर म्हणजे ६, ओठाचा कोपरा वर म्हणजे १२. अॅनिमेटर आजही हे नंबर धरून बोलतात. अनगोळला एका मूर्तिकारांकडं मी बसायचो, ते गणपतीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करायचे, अगदी श्वास धरून. मी आज्जीच्या तोंडाकडंच बघत बसलो होतो, तिचं हसू डोळ्याकडं होतं. आणि तेही डावीकडं जरा जास्त.

आता आपल्या भाषेचं सांगतो, ते मला जास्त लागतं. आयफोननं चेहरा टिपायला ५२ आकार ठेवलेत, त्यात जिभेचा फक्त एकच, जीभ बाहेर काढलेली. आणि आपल्याकडं बेळगावात तर मराठी बोला नाहीतर कन्नड, ट, ड, ण, ळ शिवाय एक वाक्य पुरं होत नाही, हे सगळं टाळूकडं वळलेल्या जिभेचं काम! तोंड उघडं असलं की ती वळलेली जीभ दिसते, मुलांचे धडे, बातम्या, कीर्तनं कॉम्प्युटरवर करायची असतील तर ती करावीच लागेल, आणि ती बाहेरचं कोण करून देणार, ती आपल्याच तोंडाकडं बघून करावी लागेल.

आज्जीचा ब आता बसलाय, ओठ मिटतात. ‘बाळा’तला ळ अजून बसला नाही, जीभ एकेक फ्रेम हातानं वळवालोय. ते झालं की आईला परत दाखवणार आहे.