सिस्टर डोरोथी आणि ५५ नंबरचा प्लॉट

मंडळी, सिस्टर डोरोथी स्टँग यांचं नाव निघालं की त्यांच्या अखेरच्या सकाळचा प्रसंग सांगितला जातो. तो मीही सांगणार आहे. पण नाशिकमध्ये बोलतोय, सुरगाणा-पेठकडची माणसं समोर बसली आहेत, तर आधी जमिनीचं बोलू. सिस्टरांचा जीव जमिनीपायीच गेला.

जन्म १९३१ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटनचा. कोवळ्या वयात नोट्र डेम द नामूर या कॅथलिक नन्सच्या संघात गेल्या, काही वर्षं शाळांतून शिकवलं आणि १९६६ मध्ये ब्राझील गाठलं. पुढे तिथल्याच नागरिक झाल्या.

सत्तरच्या दशकात तिथल्या लष्करी सरकारनं ॲमेझॉनच्या जंगलातून रस्ता काढला आणि भूमिहीनांना सांगितलं, या, जमीन देतो. गरीब कुटुंबं आली. मागोमाग लाकूडवाले आले, गुरांसाठी जंगल साफ करणारे बडे जमीनदार आले, आणि त्याच जमिनीचे जुने कागद नाचवू लागले. हे जुने कागद कसे व्हायचे? कोऱ्या कागदावर खोटी मालकी लिहायची, कागद पेटीत ठेवायचा आणि आत रातकिडे सोडायचे. किडे कडा कुरतडतात, कागद पिवळा पडतो, की झाला आजोबांच्या काळचा दस्तऐवज! वनहक्काच्या दाव्याला, जुनी कसवणूक दाखवणारा पुरावा म्हणून जोडायला ज्यांनी फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षं जपल्या, त्यांना यातला अन्याय मी समजावून सांगायची गरज नाही. २०१८ च्या मार्चमध्ये पाय सोलवटले तरी शेतकरी मोर्चात इथून मुंबईपर्यंत चालत गेलेल्यांना तर नाहीच.

सिस्टर पारा राज्यात, अनापू इथं राहिल्या. शाळा काढल्या, शेतकऱ्यांना संघटित केलं. पण मला त्यांचं सर्वात मोठं काम वाटतं ते वेगळंच. जमिनीच्या सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे त्यांनी झिजवले. शाश्वत विकासाच्या वसाहती मंजूर करून घेतल्या. त्यात कुटुंबानं २० टक्के जमीन कसायची, ८० टक्के जंगल राखायचं. एका वसाहतीचं नाव एस्पेरान्सा, म्हणजे आशा. 'जंगलाचं मरण म्हणजे आपल्या जगण्याचा शेवट' असं लिहिलेला टी-शर्ट त्या घालायच्या. नुसती दानधर्म करणारी सिस्टर जमीनदारांना चालली असती. ही बाई कायदा वाचून दाखवायची, तेच त्यांना खुपलं.

एस्पेरान्सातल्या ५५ नंबरच्या प्लॉटवर एका जमीनदारानं हक्क सांगितला. धमक्या सुरू झाल्या. सिस्टरांनी पाराची राजधानी बेलेममध्ये मंत्र्यांच्या कानावर सगळं घातलं आणि परत आल्या. वय ७३. निघून जायला कोणी नावं ठेवली नसती.

१२ फेब्रुवारी २००५. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, एरवी आपल्या नाशिकच्या बाळ येशूच्या यात्रेचा. सकाळी साडेसातच्या सुमाराला त्या चिखलवाटेनं बैठकीला निघाल्या होत्या. दोघांनी अडवलं. हत्यार आहे का, असं विचारलं. त्यांनी पिशवीतून बायबल काढलं, माझं हत्यार एवढंच, म्हणाल्या, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली 'धन्य ते' ही वचनं वाचू लागल्या. सहा गोळ्या घातल्या त्यांना. मारेकऱ्यांना कबूल झाले होते ५० हजार ब्राझिली रेआल.

एरवी जिथं पोलीस फिरकत नव्हता, तिथं सरकारनं सुमारे दोन हजार जवान पाठवले. मारेकरी लगेच सापडले. सुपारी देणाऱ्यांचं तसं झालं नाही, आणि याचा मला अजून संताप येतो. एका जमीनदाराला २००७ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळच्या कायद्यानं इतक्या मोठ्या शिक्षेवर फेरखटला आपोआप मिळे. २००८ मध्ये तो निर्दोष सुटला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी सिस्टरांना मरणोत्तर मानवी हक्क पुरस्कार दिला. २०१० मध्ये पुन्हा शिक्षा, २०१३ मध्ये ती रद्द, मग पुन्हा खटला, पुन्हा ३० वर्षं. दुसरा जमीनदार शिक्षा होऊनही अपिलांच्या जोरावर वर्षानुवर्षं बाहेर फिरत राहिला.