आठ एमएमचा नट अडीच सुताच्या आट्यावर चढवू नका

नमस्कार मंडळी. माझी जुनी ब्रिटिश मोटरसायकल, बीएसए एम-२०, उघडली तो व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच प्रश्न येतोय, "दादा, बोल्टचा साइज सांगा." नुसता साइज सांगून भागत नाही हो. म्हणून आज गाडी बाजूला ठेवली आहे आणि टेबलावर फक्त नटबोल्ट आहेत.

हा बोल्ट बघा. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावला, ७.९ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पाच सोळांश इंच, आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात ज्याला अडीच सूत म्हणतात तो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता एवढ्या एका जाडीत आटे किती तऱ्हेचे? व्हिटवर्थ, म्हणजे जुनं ब्रिटिश जाड आट्याचं माप, १८४१ चा, इंचाला १८ आटे. बीएसएफ, म्हणजे त्याचाच बारीक प्रकार, १९०८ चा, २२. सीईआय, १९०२ चा, २६. हा सीईआय मुळात सायकलींसाठी ठरवलेला. बीएसए, ट्रायम्फ, एनफिल्ड, तिघांनीही मोटरसायकलच्या आधी सायकली केल्या, त्यामुळे फ्रेमला, स्पिंडलला बहुतेक ठिकाणी हाच सापडतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश मोटरसायकलींवर यूएनएफ (बारीक) आणि यूएनसी (जाड) आले, त्यांचे २४ आणि १८. ल्युकास कंपनीच्या इलेक्ट्रिक भागांच्या बारीक स्क्रूंना बीए नावाचं वेगळंच माप. झालं.

पान्याचंही पटकन सांगतो. पान्यावर पाच सोळांश डब्ल्यू, म्हणजे व्हिटवर्थ, लिहिलंय म्हणून त्याचं तोंड मोजू नका, तो आकडा बोल्टच्या जाडीचा असतो. त्यात दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला व्हिटवर्थ बोल्टची डोकी एक साइज लहान केली. डोक्यावरून आटे ओळखायला जाऊ नका.

आता खरी गोष्ट. एका भावाने लिहिलंय, "एवढं कशाला, आठ एमएम फाइन नट मस्त बसतो, मी बसवलाय." भाऊ, तो चढतो. बसत नाही. सीईआयच्या २६ आट्यांचा पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, निघतो ०.९७७ मिलिमीटर. आठ फाइनचा पिच १.० मिलिमीटर. दोन्हींच्या आट्यांचा कोन ६० अंश. फरक एका आट्याला फक्त ०.०२३. म्हणून तर पहिले तीन-चार फेरे बोटांनी सुरेख जातात आणि माणूस फसतो. पण सहा आट्यांच्या नटात तोच फरक साठून ०.१४ मिलिमीटर होतो. मग सगळे आटे ओझं घेत नाहीत, टोकाचे एक-दोनच घेतात. तुम्हाला पान्याला घट्ट लागतं, ते आटे आवळल्यामुळे नव्हे, एकमेकांना खाऊ लागल्यामुळे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या एम-२० च्या मागच्या मडगार्डच्या स्टेला, म्हणजे त्याला धरणाऱ्या आधाराच्या पट्टीला, कुणीतरी असाच नट चढवला होता. मीही तपासला नाही, घट्ट आहे म्हणून सोडून दिला. आंबा घाटात तो निघून पडला, मडगार्ड टायरला घासायला लागलं. वळणावर गाडी कडेला घेताना हात थरथरत होते. घरी येऊन बघितलं तर बोल्टाचे पहिले दोन आटे सपाट, पुढचे नव्यासारखे. आकडे मी नंतर मांडले, त्या बोल्टाने आधीच दाखवलं होतं.

मग ओळखायचं कसं? पिच गेज, म्हणजे आटे मोजायच्या दातेरी पानांचा संच, त्याचं पान दोन-तीन आट्यांवर टेकवून "जुळलं" म्हणू नका. एक मिलिमीटरचं पान २६ च्या आट्यांवर सुरुवातीला जुळल्यासारखंच दिसतं. बोल्टाच्या पूर्ण लांबीला लावा आणि उजेडासमोर धरा. शेवटाकडे फट दिसली की समजा. गेज नसेल तर ज्याचं माप ठाऊक आहे असा खात्रीचा बोल्ट घ्या, दोघांचे आटे एकमेकांत घाला, असे, आणि परत उजेडासमोर. आणि तिसरं, कॅमेरा जवळ आण रे, नट शेवटपर्यंत बोटांनीच गेला पाहिजे. मध्ये अडला तर पाना उचलायचा नाही. आधी ब्रशने आटे साफ करा, तेल द्या, तरी अडला तर तो नट त्या बोल्टाचा नाही.

दोन सुताला, म्हणजे पाव इंचाला, अजून एक फसगत आहे. तिथे बीएसएफ आणि सीईआय, दोन्हींचे आटे २६! मोजून काहीच कळत नाही. पण बीएसएफचा कोन ५५ अंश, सीईआयचा ६०. तिथे दोन वेगवेगळी गेज लागतात, ५५ अंशांचं आणि ६० अंशांचं. मुंबईत नागदेवीला मिळतात, इथेही मागवता येतात.

"टॅप मारून टाक", म्हणजे भोकात नवे आटे पाड, असं सुचवणाऱ्यांना हात जोडतो. इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या केसला आठचा टॅप मारला की मूळचे आटे गेले ते गेले. स्टडचं, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या बिनडोक्याच्या बोल्टचं, एक टोक अनेकदा व्हिटवर्थ असतं, मऊ धातूत जाड आटे धरतात म्हणून, आणि नटाकडचं टोक बारीक. म्हणजे एकाच स्टडला दोन मापं. दोन्ही टोकं मोजूनच टर्नरकडे जा.

फोटो पाठवाल तेव्हा बोल्टाशेजारी इंचाची पट्टी ठेवा, आटे स्पष्ट दिसू देत, आणि बोल्ट गाडीच्या कुठल्या भागातला ते लिहा. तेवढं असेल तर उत्तर नक्की देतो.