लेखी उत्तराची सक्ती: संसदीय समित्यांमधील खासदाराचे काम

संसदीय समित्यांविषयी बोलू लागले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, मग त्यांचा उपयोग काय? आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. परंतु समितीचे सामर्थ्य शिफारशीत शोधणे हेच मला मुळात योग्य वाटत नाही. ते दोन अधिकारांत आहे. सरकारकडून कागद मागण्याचा अधिकार हा एक, आणि त्या कागदांतून निघालेल्या प्रश्नांना सरकारला लेखी उत्तर द्यायला लावण्याचा अधिकार हा दुसरा. सभागृहात मंत्री प्रश्न टोलवू शकतो, गोंधळात वेळ निघून जातो, बहुमताच्या बळावर चर्चा संपवताही येते. समितीपुढे मात्र कधी ना कधी कागदावर काहीतरी लिहून द्यावेच लागते. समितीवरील खासदाराने काय करायचे असते, हे या दोन अधिकारांच्या अंगाने आज पाहू.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिलेली नाही. लोकलेखा समिती १९१९ च्या कायद्यानुसार १९२१ मध्ये अस्तित्वात आली, पण तिचे अध्यक्षपद व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील वित्त सदस्याकडे असे. म्हणजे खर्च करणारा आणि हिशेब तपासणारा एकच. १९५० मध्ये राज्यघटना लागू झाल्यावर ही समिती लोकसभेच्या सभापतींच्या नियंत्रणाखाली आली. त्याच वर्षी, गणेश वासुदेव मावळंकर सभापती असताना, अंदाज समिती स्थापन झाली, आणि १९६४ मध्ये सार्वजनिक उपक्रम समितीची भर पडली. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाला देण्याची प्रथा १९६७ पासूनची असून त्या प्रथेतील पहिले अध्यक्ष मिनू मसानी होते. या बदलाचे महत्त्व कमी लेखू नये. कोणता विषय आधी घ्यायचा आणि कोणत्या सचिवाला कधी बोलवायचे हे अध्यक्ष ठरवत असल्यामुळे, अध्यक्ष कोणत्या बाकावरचा आहे यावर चौकशीचा रोख बराच अवलंबून राहतो.

आज आपण ज्यांना विभागीय स्थायी समित्या म्हणतो त्या १९९३ मध्ये, शिवराज पाटील लोकसभेचे सभापती असताना आल्या. त्याआधी १९८९ मध्ये कृषी, विज्ञान व तंत्रज्ञान आणि पर्यावरण व वने या तीन विषयांपुरता प्रयोग झाला होता. सुरुवातीला १७ असलेल्या या समित्या २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. अनुदानाच्या मागण्या (म्हणजे मंत्रालयांनी खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमा), समितीकडे पाठवलेली विधेयके, मंत्रालयांचे वार्षिक अहवाल आणि दीर्घ पल्ल्याची धोरणे तपासणे हे त्यांचे काम. मंत्रालयाच्या दैनंदिन प्रशासनात त्यांनी शिरायचे नसते. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पातील सर्व मागण्या लोकसभेत चर्चेविना एकत्रितपणे मंजूर झाल्या. अशा वर्षी एखाद्या मंत्रालयाचा खर्च लोकप्रतिनिधींनी ओळीओळीने वाचला असेल, तर तो या समित्यांमध्येच.

प्रत्यक्ष काम चालते ते असे. समिती वर्षासाठी विषय निवडते आणि मंत्रालयाकडून पार्श्वभूमीचे टिपण मागवते. ते बहुधा मंत्रालयाच्या सोयीने लिहिलेले असते, म्हणून समितीचे सचिवालय प्रश्नावली तयार करते आणि खासदार त्यात आपले प्रश्न घालतात. जाहिरात देऊन नागरिकांकडून आणि संस्थांकडून निवेदने मागवली जातात, तज्ज्ञांना ऐकले जाते, आणि मग मंत्रालयाच्या सचिवांची साक्ष होते. साक्षीला मंत्री येत नाहीत, सचिव येतात. साक्षीची शब्दशः नोंद होते. ज्या प्रश्नाचे उत्तर सचिवांजवळ त्या वेळी नसते ते नंतर लेखी पाठवावे लागते, आणि माझ्या मते चांगल्या खासदाराची खरी परीक्षा इथेच होते. साक्षीच्या दिवशी धारदार प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. नंतर आलेले लेखी उत्तर मूळ प्रश्नाशी ताडून पाहणारे थोडे. अभ्यासदौऱ्यांची सहल म्हणून टिंगल होते आणि काही वेळा ती रास्तही असते, पण त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही.

कागद मागण्याने काय साधते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण आरोग्य व कुटुंबकल्याणविषयक स्थायी समितीच्या ५९ व्या अहवालाचे आहे. हा अहवाल मे २०१२ चा असून त्याचा विषय केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचे, म्हणजे नव्या औषधांना मंजुरी देणाऱ्या नियामकाचे, कामकाज हा होता. विषय किचकट, आणि समितीतील बहुतेक सदस्यांचा औषधशास्त्राशी व्यवसाय म्हणून संबंध नव्हता. त्यांनी औषधांच्या गुणदोषांवर वाद घातला नाही. ४२ औषधे निवडून त्यांच्या मंजुरीच्या फायली मागवल्या. मंत्रालय ३९ औषधांची कागदपत्रे देऊ शकले; पेफ्लॉक्सासिन, लोमेफ्लॉक्सासिन आणि स्पारफ्लॉक्सासिन या तिघांच्या फायली सापडतच नव्हत्या. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात भारतीय रुग्णांवर चाचण्या न घेता किती नवी औषधे मंजूर झाली, असे विचारल्यावर मंत्रालयाने ३१ हा आकडा दिला. समितीने यादी तपासली, तेव्हा दोन औषधे त्यात नव्हतीच. खरा आकडा ३३ निघाला. दोनचा फरक किरकोळ वाटेल. परंतु आपण काय मंजूर केले याची पुरती यादी नियामकाजवळ नाही, हे त्या दोन औषधांनी दाखवून दिले.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट उघड झाली. काही औषधांच्या बाजूने निरनिराळ्या ठिकाणच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी पाठवलेली शिफारसपत्रे शब्दशः सारखी होती. ती पत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचायला औषधशास्त्र लागत नाही, फक्त वाचण्याची चिकाटी लागते. औषध उत्पादक, संघटनेतील काही अधिकारी आणि काही तज्ज्ञ यांच्यात संगनमत असल्याचा निष्कर्ष समितीने स्पष्ट शब्दांत नोंदवला. पुढे २०१३ मध्ये मंत्रालयाने प्रा. रणजित रॉय चौधरी यांच्या अध्यक्षतेखाली नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांविषयी तज्ज्ञ समिती नेमली, आणि २०१९ मध्ये चाचण्यांचे नवे नियम आले. या साऱ्याचे श्रेय एका अहवालाला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण सर्वोच्च न्यायालयातील याचिकांचाही दबाव होताच. पण कागदावरचा पुरावा आधी समितीने गोळा केला होता.

याच समितीचा ऑगस्ट २०१३ मधील ७२ वा अहवाल गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या अभ्यासाविषयी होता. तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे मुलींना ही लस दिली गेली होती. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये अभ्यास थांबला. सरकारी चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध प्रस्थापित झाला नाही. समितीने बोट ठेवले ते मुख्यतः संमतीच्या पद्धतीवर, कारण अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. हा अहवाल न्यायालयात दाखवता येतो का, असा प्रश्न पुढे उपस्थित झाला आणि कल्पना मेहता खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मे २०१८ मध्ये त्याचे उत्तर दिले. समितीच्या अहवालाला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, मात्र अहवालाची न्यायिक दखल घेता येईल, म्हणजे असा अहवाल आहे आणि त्यात काय म्हटले आहे हे वेगळा पुरावा न मागता न्यायालय मान्य करू शकेल. त्यातील एखादे तथ्य वादग्रस्त असेल तर ते स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागेल. सरकारवर बंधनकारक नसलेल्या दस्तऐवजाला अशा रीतीने सभागृहाबाहेरही वजन मिळाले.

आता पुन्हा शिफारशींकडे येतो. अहवाल पटलावर ठेवल्यानंतर साधारण तीन महिन्यांत सरकारने प्रत्येक शिफारशीवर काय केले ते कळवायचे असते. त्या उत्तरांवर समिती पुन्हा बसते आणि कार्यवाही अहवाल काढते. या अहवालाच्या पाच प्रकरणांची रचना ठरलेली आहे. पहिल्यात समितीचे भाष्य. दुसऱ्यात सरकारने स्वीकारलेल्या शिफारशी. तिसऱ्यात सरकारचे म्हणणे पटल्यामुळे समितीने सोडून दिलेल्या. चौथ्यात सरकारचे उत्तर समितीला मान्य नसलेल्या. आणि पाचव्यात अंतिम उत्तराची वाट पाहणाऱ्या. वृत्तपत्रे मूळ अहवालाची बातमी देतात. मी मात्र विद्यार्थ्यांना नेहमी चौथे प्रकरण आधी वाचायला सांगतो. सरकार आणि संसद यांच्यातील मतभेद दोन्ही बाजूंच्या लेखी युक्तिवादासह एकत्र सापडण्याची जागा इतरत्र क्वचितच मिळेल. २००४ पासून मंत्र्याने दर सहा महिन्यांनी शिफारशींच्या अंमलबजावणीविषयी सभागृहात निवेदन करावे असाही निर्देश आहे, जरी ही निवेदने बहुधा पटलावर ठेवली जातात आणि कोणी ऐकत नाही.

समितीचे किती ऐकले जाते याचे एक ठोस उत्तर नाही. सरोगसी विधेयक, म्हणजे दुसऱ्या जोडप्यासाठी मूल पोटात वाढवून जन्म देण्याच्या पद्धतीचे नियमन करणारे विधेयक, घ्या. २०१७ मध्ये स्थायी समितीने सरोगेट मातेला मोबदला मिळावा अशी शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. पुढचे विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे (एकाच विधेयकाच्या तपासणीसाठी नेमलेल्या समितीकडे) गेले आणि तिने २०२० मध्ये सरोगेट माता जवळची नातेवाईक असण्याची अट काढण्यास, तसेच विधवा व घटस्फोटित स्त्रियांना मुभा देण्यास सांगितले. हे २०२१ च्या कायद्यात आले. मूळ धोरणाला हात लावलेली शिफारस नाकारली गेली आणि धोरणाच्या चौकटीत राहून त्याची धार कमी करणारी स्वीकारली गेली. मला वाटते, हा भेद बऱ्याच अहवालांना लागू पडतो.

बैठका बंद दाराआड होतात याविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येईल. प्रक्षेपण नसल्यामुळे आणि पक्षादेश लागू नसल्यामुळे सत्ताधारी खासदारही स्वतःच्या सरकारच्या सचिवाला अडचणीचा प्रश्न विचारतो, आणि पुष्कळ अहवाल एकमताने निघतात. पण मोठे राजकीय हितसंबंध पणाला लागले की ही शांतता टिकत नाही. २०११ मध्ये टू-जी स्पेक्ट्रम प्रकरणावर लोकलेखा समितीचा मसुदा अहवाल सदस्यांच्या बहुमताने फेटाळला गेला, अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांनी तरीही तो सभापतींकडे पाठवला आणि सभापतींनी तो परत केला. महिनोन्महिने घेतलेल्या साक्षी त्यामुळे अधिकृत अहवालाविना राहिल्या.

याहून गंभीर चिंता विधेयकांची आहे. पंधराव्या लोकसभेच्या काळात ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सोळाव्यात हे प्रमाण साधारण चतुर्थांशावर आले आणि सतराव्यात १६ टक्क्यांवर. वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकावर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने दोन वर्षे घालवून डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला, ८१ दुरुस्त्या सुचवल्या. विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि २०२३ मध्ये नव्याने आलेले विधेयक समितीकडे न जाताच संमत झाले. महाराष्ट्र विधिमंडळातील पद्धत जरा निराळी आहे. तिथे शक्ती विधेयक किंवा जनसुरक्षा विधेयक यांसारखी वादग्रस्त विधेयके संयुक्त चिकित्सा समितीकडे गेली खरी, पण दोन्ही वेळा अध्यक्षपदी मंत्रीच होते. विधेयक मांडणाऱ्या सरकारनेच त्याच्या चिकित्सेचे प्रमुखपद घ्यावे, हे मला पटत नाही, मग पक्ष कोणताही असो.

संसदेतील स्थायी समित्यांचा कार्यकाळ एक वर्षाचा आहे. खासदाराला औषध नियमन किंवा सिंचन यांसारखा विषय जरा समजू लागतो तोच समिती नव्याने बनते आणि पक्ष त्याला दुसरीकडे पाठवू शकतो. सचिव बदलले तरी मंत्रालयाजवळ फाइल राहते. समितीतील स्मृती मात्र सदस्यांच्या फेरनियुक्तीवर अवलंबून असते. हा कार्यकाळ लोकसभेच्या मुदतीइतका करावा, ही मागणी जुनी आणि योग्य आहे. तिच्याबरोबर दुसरीही एक मागणी जोडावी असे मी सुचवेन. कार्यवाही अहवालाच्या चौथ्या प्रकरणावर सभागृहात चर्चा व्हावी अशी आज कोणतीही सक्ती नाही. प्रत्येक अधिवेशनातील एक दिवस त्यासाठी राखून ठेवला, तर सचिवाने लिहून दिलेल्या नकाराचे समर्थन मंत्र्याला स्वतः उभे राहून करावे लागेल. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही; दोन्ही सभागृहांच्या कामकाजाच्या नियमांत बदल केला तरी पुरेसे आहे.